अक्षताचं डावं कोपर

लोक म्हणतात, झालं गेलं गंगेला मिळालं. ज्याचं मिळालं असंल त्याचं मिळालं असंल, माझं न्हाय मिळालं. मी सिद्धेश्वरी. शुक्रवार पेठेत राहते, पोरींच्या शाळेत खेळ शिकवते, आणि राग आला की तो लिंबाच्या लोणच्यागत मुरवत ठेवते. ज्याच्यावरचा राग मुरवला त्या माणसाचं नाव पंचाक्षरी. जिल्ह्याचा सॉफ्टबॉलचा संघ निवडणाऱ्या समितीचा तो प्रमुख. सगळे त्याला सर म्हणतात. तोंडावर मीसुद्धा सरच म्हणते. मनात काय म्हणते ते हितं सांगायची सोय न्हाय.

मी अकरावीला होते तेव्हाची गोष्ट. माझ्या बॅटला बॉल लागला की आवाजावरनंच लोक मान वळवायचे, एवढं मी मारायची. फुशारकी न्हाय मारत, खरं हाय ते. राज्य स्पर्धेसाठी निवड चाचणी होती आणि पंच हा पंचाक्षरी. आमी लिंगायत. दीक्षा झाली की इष्टलिंग गळ्यात येतं, आणि जीव हाय तोवर ते अंगावेगळं करायचं न्हाय. खेळताना ते उडू नये म्हणून मी पट्ट्यानं छातीशी घट्ट बांधलं होतं, वरनं जर्सी. दिसत न्हवतं, हलत न्हवतं, कुणाला लागत न्हवतं. पण दागिने तपासताना गळ्यापाशी दोरा दिसला, आणि ह्या माणसानं माईकवर सगळ्या मैदानाला ऐकवलं, "गळ्यातलं काढ, न्हायतर बाहेर हो. नियम म्हणजे नियम." वर हसून म्हणतो, "अगं, तासाभराचा तर प्रश्न. मी पण काढून खिशात ठेवतो की!"

स्वतः लिंगायत! परक्यानं म्हणलं असतं तर मी दोन शिव्या घालून विसरले असते. आपल्यातल्या माणसानं, हसत म्हणलं. मी बॅट खाली ठेवली आणि चालत बाहेर आले. राज्य खेळले असते तर पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेवर अर्ज भरता आला असता, तेवढ्यासाठी मी दोन वर्षं पहाटे उठून पळत होते. ते राहिलं. अप्पा म्हणाले, झालं की खेळून, आता बास. मला माढ्याला देऊन टाकलं. तितनं परत कशी आले, पुढं शिकले कशी, ते लांबण हाय, जाऊ द्या.

तर ह्या पंचाक्षरी सरांचा गेल्या हिवाळ्यात मला फोन. "सिद्धेश्वरी, कशी हायस? आमच्या अक्षताची बॅटिंग बिघडलीय गं. तू चांगली मारायचीस की, जरा बग. आणि बाहेर बोलू नको, लोक म्हणतील सरांना घरची पोरगी शिकवता येईना."

तू चांगली मारायचीस की! बगा म्हणजे, मी मारायची हे लक्षात हाय, मला बाहेर कुणी घालवलं ते लक्षात न्हाय. माझ्या तोंडात जे आलं होतं ते ऐकलं असतं तर त्यानं फोनच फेकून दिला असता. पण मी गोड आवाजात म्हणलं, "पाठवा की सर. आपलीच पोरगी हाय." सावज आपल्या पायानं येत असंल तर बंदूक कशाला शोधायची.

अक्षता आली. अकरावीतलीच, उंच, काटक, डोळे खाली. मला तिच्यात काही गोड दिसंल अशी माझी तयारीच न्हवती. म्हणलं, मार.

आदी टीवर मारायला लावलं. टी म्हणजे रबरी नळीचा उभा खांब, त्याच्यावर बॉल ठेवायचा आणि मारायचा. बॉल टाकणारी पिचर न्हाय, वेग न्हाय, त्यामुळं कुणाला सबब सांगता येत न्हाय. टीवर पोरगी झकास. मागचा पाय वळतोय, कंबर आदी सुटतीय, हात मागनं येतायत, बॅट बॉलच्या आरपार. म्हणलं, ह्यात बिघडलंय काय? मग मी पुढनं जोरात बॉल टाकायला लागले आणि सगळं डोळ्यांदेखत विस्कटलं. एक बॉल आभाळात. दुसरा आभाळात. तिसरा माझ्याच डोक्यावर, मी सहज झेलला.

"पप्पा काय म्हणतात?"

"खांदा पाडू नको म्हणतात. म्हणून मी सारखं खांद्याकडं लक्ष देते, मॅडम."

"खांद्याचं काय चुकलंय? खांदा बिचारा शेवटी पडतोय."

दुखणं डाव्या कोपरात होतं. उजव्या हाताच्या पोरीचं डावं कोपर पुढं, पिचरच्या बाजूला असतं. ते मोकळं पुढं गेलं तर बॅट सपाट जाते. ते छातीला चिकटलं की हात अडकतात, उजवा खांदा खाली जातो, बॅट खालनं वर येते आणि बॉल लांब जायचा सोडून वर जातो. खाली कुणीतरी हात पसरून उभं असतंच. ही पोरगी दर जोराच्या बॉलला कोपर छातीवर दाबत होती, हनुवटीसुद्धा आत घेत होती. हळू मारताना न्हाय, फक्त जोरात मारताना. असं कोण करतं? ज्याच्या छातीवर काहीतरी उडतंय आणि ज्याला ते उडू द्यायचं न्हाय, तोच करतो. मला कुणी सांगायची गरज न्हवती. पट्टा बांधायच्या आदी माझं कोपर असंच वागायचं.

मी जवळ गेले. "गळ्यात काय हाय?"

पोरीचा चेहरा खाडकन उतरला. "काही नाही."

"खोटं बोलू नको. माझ्या पण गळ्यात हाय." मी दोरा वर काढून दाखवला.

तेव्हा ती बोलली. होटगीच्या आज्जीनं, चन्नम्मानं, दिवाळीत स्वामींना बोलावून तिची दीक्षा केली होती. आज्जीनं एकच सांगितलं होतं, अंगावेगळं केलंस तर मला येऊन सांग, त्या दिवशी मी जेवणार न्हाय. आणि पप्पा म्हणायचे, खेळायच्या दिवशी देवघरात ठेवून जा. "मी हो म्हणते, मॅडम, आणि ठेवत नाही. पप्पांना सांगू नका हं. ते मला टीममध्येच घेणार नाहीत."

खोटं कशाला बोलू, मला पोरीची दया आली न्हाय. मला आनंद झाला. असा आनंद, की पोटात गुदगुल्या. ज्या माणसानं मला लिंगावरनं मैदानाबाहेर काढलं, त्याची लेक त्याच्याच नाकाखाली लिंग बांधून त्याच मैदानावर उभी राहणार होती. म्हणलं, पंचाक्षरी, आता बगते तू कसा नियम म्हणजे नियम करतोस ते.

माझ्या जुन्या मऊ सुती साडीचा रुंद पट्टा फाडला. लिंगाची चांदीची डबी छातीच्या मधोमध सपाट बसवून, वरनं पट्टा, पाठीमागं दोन वेढे, कडेला गाठ. श्वास घ्यायला जागा, डबीला हलायला न्हाय. "आता नाच बरं." तिनं उड्या मारल्या. काही हललं न्हाय. हसली. पहिल्यांदा हसली ती.

पण शरीराला लागलेली खोड दोरी सोडल्यासारखी सुटत न्हाय. लिंग उडायचं बंद झालं तरी कोपर आपलं छातीवर जातंच. आणि कोपर सोड म्हणलं की ती हातच लांब फेकायची, म्हणून मी तिला भिंतीच्या अगदी जवळ उभं केलं. म्हणलं, मार, पण बॅट भिंतीला लागता कामा न्हाय. हात अंगापासनं लांब फेकले की बॅट खणकन भिंतीवर. हात आत ठेवून कोपर पुढं सोडलं तरच बॅट सुटते. पहिल्या दिवशी भिंतीचे पोपडे निघाले. मी ओरडायची, "पोट आदी! पोट पिचरकडं वळू दे, मग हात! घाई कुणाला झालीय, तुला का बॉलला?" मी शिकवताना लई बेकार बोलते. पोरी रडतात. ही रडली न्हाय, ओठ चावून मारत राहिली. "कोपराला काम राहिलं न्हाय तितं. बांधायचं ते बांधलंय. सोड त्याला!" एक दिवस तिनं सोडलं. बॉल मैदानाच्या पलीकडच्या कुंपणावर जाऊन आदळला आणि तो आवाज आला, तो, माझ्या वेळचा. माझ्या अंगावर काटा आला. तेवढं कबूल करते.

त्यानंतर ती रोज नुसती मारायचीच. शाळा सुटली की पळत यायची, मला पाणी आणून द्यायची, आज्जीनं दिलेल्या शेंगाच्या पोळ्या डब्यातनं आणायची. मी खायची. पण खाताना सुद्धा मनात एकच चाललेलं असायचं.

चाचणी जवळ आली तशी तिनं विचारलं, "मॅडम, चेकिंगला काय करायचं?"

पोरींचे दागिने तपासायला बाईमाणूस लागतं आणि आमच्याकडं दरवर्षी ते काम माझ्याकडंच असतं. मी म्हणलं, "चेकिंग मीच करते न्हवं का? मी बगून घेते."

"मग काय, टेन्शनच नाही," म्हणाली आणि बिनधास्त बॅट पुसायला लागली.

चाचणीच्या दिवशी तालुक्या-तालुक्याच्या पोरी, त्यांचे शिक्षक, आईबाप, मैदान भरलेलं. मंडपात टेबल, टेबलापाशी पंचाक्षरी सर, हातात माईक, समोर चहा. शेजारी माढ्याचा बिरुदेव सर, लई फटकळ माणूस, ज्याच्या पोरी दरवर्षी गाळल्या जातात म्हणून सरांवर तो आदीच जळत होता. मी ओळीनं पोरी तपासल्या. कानातलं काढा, बांगडी काढा, चमकी काढा. अक्षतापाशी आले. गाठ बगितली. घट्ट होती, मीच शिकवलेली. ती माझ्याकडं बगून डोळ्यानंच हसली. मी पुढं गेले.

मग टेबलापाशी जाऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "सर, एका पोरीच्या गळ्यात लिंग हाय. पट्ट्यानं छातीशी घट्ट बांधलंय, हलत न्हाय. खेळू द्यायचं का?"

सरांनी मान पण वर केली न्हाय. माईक चालूच होता. "काढायला सांग, न्हायतर बाहेर. नियम म्हणजे नियम."

तेच शब्द. तोच सूर. जित्याची खोड मेल्याशिवाय जात न्हाय म्हणतात ते काय उगंच? मी म्हणलं, "सर, एकदा विचार करा."

"विचार काय करायचाय त्यात? बाहेर म्हणजे बाहेर. कुठल्या शाळेची हाय ती?"

"तुमच्या घरची हाय, सर. अक्षता."

माईकवर ते पण ऐकू गेलं. पंचाक्षरी सर चहा ठेवायला गेले आणि बशी उलटी झाली. मी मनात म्हणलं, सांड, अजून सांड.

त्यांनी लेकीला बोलावलं. माईक बाजूला ठेवून दबक्या आवाजात, "अक्षता, काढ ते. तासाभराचा प्रश्न हाय."

"नाही, पप्पा."

"ऐक माझं. सगळे बगायलेत."

"आज्जीला काय सांगू?" पोरगी म्हणाली. मागं सरली न्हाय. मग तिनं वळून माझ्याकडं बगितलं. मी हे मुद्दाम केलंय हे तिला अजून कळलं न्हवतं. तिला वाटलं, मॅडम काहीतरी करतील. मी टेबलावरच्या बशीकडं बगत राहिले.

बिरुदेव सरांनी पाय लांब केले. "मग सर? बाहेर म्हणजे बाहेर न्हवं का?"

मंडपात कुणीतरी फिस्सकन हसलं. पंचाक्षरीनं कपाळ पुसलं. मला ठाऊक होतं आणि त्याला पण ठाऊक होतं, आमच्याकडच्या नियमात एवढंच हाय, की लोंबकळणारं, कुणाला लागेल असं काही अंगावर नको. धर्माचं काही असलं तर ते अंगाशी घट्ट बांधलेलं चालतं. तेव्हा पण तेच होतं. नंतर खेळाची परीक्षा देताना मी तो नियम वाचला आणि त्या दिवशी मला जेवण गेलं न्हवतं.

"बांधलेलं असलं तर... चालतं," सर म्हणाले.

"वा रं वा!" बिरुदेव सर उठलेच. "आत्ता बाहेर म्हणालात. पोरगी घरची निघाली म्हणून चालतं व्हय? माझ्या पोरींना कधी चाललं न्हाय काही!"

मागनं आईबाप बोलायला लागले. बरोबर हाय, बरोबर हाय. आता त्याचे आपलेच दात, आपलेच ओठ. लेकीला खेळवायचं असंल तर कबूल करावं लागणार होतं की नियम मुळातच असा न्हाय. आणि नियम असा न्हाय म्हणलं की पुढचा प्रश्न माझाच. मी तो विचारला.

"सर, मी पण बांधलंच होतं की. माझं का न्हाय चाललं?"

तेव्हा कुटं त्याला आठवलं. चेहऱ्यावर दिसलं मला, आठवताना. लेक समोर बॅट धरून उभी, बिरुदेव हाताची घडी घालून उभा, सगळं मैदान कान देऊन. पंचाक्षरीनं माईक उचलला. किती वर्षं मी ह्या माईकला शिव्या घातल्या होत्या.

"बांधलेलं चालतं. तेव्हा पण चालत होतं. मला माहीत होतं, मी मुद्दाम... माझा हट्ट होता तो. चुकलं माझं, सिद्धेश्वरी."

आणि मान खाली घातली. काय सांगू तुमाला! आतनं बाहेरनं गार झाले मी. वाटलं, वाजवा रे कुणीतरी हलगी. नंतर लोक मला म्हणाले, आता तरी माफ केलंस का? का करू? माफी मागा असं मी म्हणलंच न्हवतं. मला ती मान खाली गेलेली बगायची होती, बगितली, विषय संपला.

अक्षता खेळली. तोपर्यंत तिला सगळं उमगलं होतं, कारण मारायला उभी राहिली तेव्हा तिचा चेहरा वेगळाच होता, दगडासारखा. पहिलाच बॉल सेंटरला लांब उभ्या पोरीच्या डोक्यावरनं पार. दुसरा तिसऱ्या बेसच्या रेषेला लागून असा गेला की कुणी वाकलं पण न्हाय. डावं कोपर मोकळं, कंबर आदी, हात मागनं, सगळं जसं शिकवलं तसं. बिरुदेव सरच म्हणाले, हिला न्हाय घेतलं तर मीच भांडतो. घेतली.

संपल्यावर ती माझ्यापाशी आली. मी टीची नळी काढून ठेवत होते, गाणं पुटपुटत होते, खोटं कशाला सांगू. ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही माझं नाव आधी का नाही सांगितलं?"

"आदी सांगितलं असतं तर त्यानं खरं उत्तर दिलं असतं का?"

"आणि पप्पांनी खरंच मला बाहेर काढलं असतं तर?"

इथं मी काहीतरी बरं बोलायला पाहिजे होतं. एवढं मला कळतं. पण मी जिंकले होते की! डोक्यात हवा भरली होती. मी म्हणलं, "काढलं असतं तर काढलं असतं. मला न्हवतं काढलं?"

पोरीनं मान हलवली. बरं, म्हणाली. एवढंच. दुसऱ्या दिवशी सरावाला आली न्हाय, त्यानंतर पण न्हाय.

राज्य स्पर्धेत तिनं आमच्या जिल्ह्याला अंतिम सामन्यात नेलं आणि शेवटचा फटका मारून जिंकून दिलं. पेठेत सत्कार ठेवला. हार, फेटे, पेढे. मी गेले. मला बोलावलं न्हवतं, पण पेठ माझी पण हाय. पुढच्या ओळीत खुर्ची रिकामी होती, बसले. स्टेजवर बापलेक शेजारी शेजारी. पेपरच्या पोरानं माईक पुढं केला आणि विचारलं, "अक्षता, आधी तुझे सगळे बॉल हवेत जायचे म्हणे. ही बॅटिंग सुधारली कुणी?"

तिनं मला शोधलं. शोधायला लागलं न्हाय, मी समोरच होते. माझ्या डोळ्यात डोळे घालून, अजिबात न अडखळता, म्हणाली, "पप्पांनी."

पंचाक्षरी सर खुर्चीतनं अर्धे उठले. "अगं, न्हाय, ते..."

तिनं त्यांच्या हातावर हात ठेवला आणि खाली बसवलं. "पप्पांनीच. दुसऱ्या कुणी नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वाटलं, उठावं आणि ओरडावं, ते कोपर मी सोडवलंय, मी! त्या भिंतीचे पोपडे जाऊन बगा! पण उठून म्हणणार काय? मग पट्टा का बांधला ते सांगावं लागलं असतं, आणि गाठ माहीत असून मी ती पोरगी त्या टेबलावर कशी नेऊन ठेवली ते पण. तिला हे पक्कं ठाऊक होतं. तिनं बरोबर माणसं भरल्यावर, बरोबर माईकवर, माझ्या तोंडावर मारलं. मलाच मारलं, आणि ते मीच शिकवलेल्या पोरीनं.

शेजारची बाई डोळे पुसत म्हणाली, "बगा की ओ, बापाला किती मान देते पोरगी!"

"व्हय," मी म्हणलं. आणि सगळे वाजवत होते म्हणून मी पण टाळ्या वाजवल्या.